पाडव्याच्या तोंडावर दही लागेना

पाडवा जवळ आला की सांगलीत श्रीखंडाला खंड नसतो. नेमकं तेव्हाच आमच्या डेअरीत चक्क्याचं दही लागेना. रात्री विरजण घातलेलं दूध सकाळी पातळच, आम्लता 0.3 टक्क्यावर अडकलेली.

"मॅडम, दुधात औषध आलंय बघा," प्लांटवरचे काका म्हणाले. शंका रास्त होती. दगडी (कासेची सूज) झालेल्या म्हशीला अँटिबायोटिक दिलं की असं होतं. अँटिबायोटिक तपासायची पट्टी लावली, दूध स्वच्छ निघालं.

उरला फेज, म्हणजे जीवाणूंना लागणारा विषाणू. काही फेज पाश्चरायझेशनच्या 72 अंशांनाही जुमानत नाहीत आणि चक्क्याच्या निवळीच्या तुषारांतून पुढची टाकी गाठतात. निवळी गाळून दोन विरजणांच्या लॅक्टोकॉकसच्या, म्हणजे दही लावणाऱ्या जीवाणूंच्या, थरांवर थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी रोजच्या विरजणाच्या प्लेटवर थेंबाच्या जागी आरपार दिसणारं वर्तुळ! राखीव विरजणाचा थर शाबूत, फक्त सुईच्या टोकाएवढे दोन-चार ठिपके. तेच विरजण टाकीत घातलं, दही लागलं. प्लांटचं काम भागलं. माझं डोकं मात्र त्या ठिपक्यांत अडकलं.

वाटलं, राखीव विरजणाच्या जीवाणूंना फेज चिकटतच नसेल. दोन्ही मिसळून सेंट्रिफ्यूज केलं, तर वरच्या पाण्यात फेज जवळपास नव्हतेच. म्हणजे चिकटत होते. भरपूर फेज घालून जीवाणू मोजले, तर वसाहती धडाधड घटलेल्या. लागण होत होती, पेशी मरत होती, पण तिच्यातून नवे फेज निघत नव्हते.

पुरवठादाराच्या कागदावर उलगडा होता: प्लास्मिडवर, म्हणजे जीवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर, एबीआय-क्यू ही विष-प्रतिविषाची जोडी. विष म्हणजे आरएनए कापणारं एन्झाइम, प्रतिविष म्हणजे त्याला धरून ठेवणारा छोटा आरएनए. त्याच घराण्यातल्या टॉक्स-आयएन या जोडीत, ई. कोलाय या जीवाणूमध्ये, हे छान दिसलंय. टी4 फेज शिरताच पेशीचं स्वतःचं आरएनए बनवणं बंद पाडतो. प्रतिविष अल्पायुषी, ते संपतं. मोकळं झालेलं विष फेजचेच आरएनए-संदेश कापत सुटतं. फेजनं आपल्याच हातानं कुत्र्याची साखळी सोडावी, तसं.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "मेले तर दही कोण लावतंय मग?"

"शेजारचे, काका. एक मेला की साथ तिथंच थांबते."

"मग हेच कायम वापरू की!"

तसं चालत नाही. त्या बारीक ठिपक्यांत या जोडीला चकवणारे बदललेले फेज असू शकतात. विरजणांची पाळी फळ्यावर लिहिली आणि निवळीची टाकी दुसऱ्या शेडमध्ये हलवायचा खर्च वर पाठवला. सही अजून व्हायची आहे.