केळ्यावरचा बेराखा

रविवार, रात्री

आज रेवदंड्याला आत्याकडे मलिदा, म्हणजे आमचा नवस फेडण्याचा विधी, होता. माझ्या भावाची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडावी म्हणून तिने एलियाहू हन्नबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने नवस बोलला होता, तो फेडला. गोड पोहे, ओले खोबरे, वेलची, वर गुलाबाच्या पाकळ्या आणि कडेने खजूर, सफरचंद, केळी असे ते भरलेले ताट आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घरांना लहानपणापासून ओळखीचे असते. खजुरावर ‘बोरे पेरी हाएत्स’, म्हणजे झाडाचे फळ उत्पन्न करणारा, असा बेराखा (खातापिताना देवाला धन्यवाद देणारे वचन) झाला आणि केळ्यावर मात्र ‘बोरे पेरी हाअदामा’, म्हणजे जमिनीचे फळ उत्पन्न करणारा, असा झाला. तेव्हा माझा सात वर्षांचा भाचा कानाशी येऊन म्हणाला, “मावशी, केळीचं झाड नसतं का गं?”

बेराखा आणि पहिला घास यांच्यामध्ये बोलायचे नसते, म्हणून मी त्याला आधी केळे खाऊ दिले आणि मग परसात नेले. तिथे घड उतरवून तोडलेली एक केळ आडवी पडली होती, तिचा खुंट काळा पडू लागला होता आणि शेजारी दोन पिले हातभर वाढली होती. फळ काढल्यावर ज्याची तीच फांदी पुन्हा फळते ते झाड, हा तालमूदचा, म्हणजे यहुदी धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथाचा, निकष आहे. केळीचा खुंट एकदाच फळतो, म्हणून बेराख्याच्या हिशेबात केळे भुईमुगाच्या पंगतीला बसते. त्याला ते लगेच पटले. मला ते पटायला, खरे सांगायचे तर, चाळीस वर्षे लागली, कारण मी बेराखे पाठ केले होते, कधी परसात जाऊन पाहिले नव्हते.

चुकले तर काय, हा त्याचा पुढचा प्रश्न. झाडाच्या फळावर चुकून जमिनीचा बेराखा म्हटला तरी तो लागू होतो, कारण झाडही जमिनीतच उभे असते. उलट चूक मात्र चालत नाही, असे मिश्ना, म्हणजे तालमूदचा मूळ भाग, सांगते. गोंधळ अगदीच मिटेना तर ‘शेहाकोल’, म्हणजे ज्याच्या शब्दाने सारे झाले, हा सर्वांना पुरणारा बेराखा आहेच. तो पाण्याला, दुधाला, मासळीलाही चालतो. आत्याच्या तळलेल्या सुरमईवर भाच्याने तो इतक्या घाईने म्हटला की शेवटचे दोन शब्द घासाबरोबरच गेले.

जेवणात पोळ्या होत्या, म्हणून शेवटी पूर्ण बिरकत हामाझोन, म्हणजे जेवणानंतरचे धन्यवादाचे पठण, झाले. ‘खाशील, तृप्त होशील आणि आपल्या परमेश्वराला धन्यवाद देशील’ या, तोरा या आमच्या मूळ धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील वचनावर (८:१०) ते उभे आहे, आणि मला नेहमी नवल वाटते की तोराची उघड आज्ञा आहे ती जेवणानंतरची. जेवणाआधीचे बेराखे पुढे ऋषितुल्य रब्बींनी घालून दिले. भुकेल्या माणसाला देव आठवायला कोणी सांगावे लागत नाही. भरल्या पोटी तो विसरतो, आणि त्याच अध्यायात दोन ओळींनंतर तसा इशाराही आहे.

फळे, भात, पाणी यांच्यानंतरचा छोटा बेराखा मला त्याहून जवळचा वाटतो. ‘बोरे नेफाशोत’मध्ये देवाला अनेक जीव आणि ‘त्यांच्या उणिवा’ निर्माण करणारा म्हटले आहे. सफरचंद आणि खजूर यांच्यासाठी म्हणतो त्या नंतरच्या बेराख्यांत फरक असतो, कारण खजूर तोरात वाखाणलेल्या इस्राएलच्या भूमीच्या सात वाणांपैकी आहे, हे भाच्याला सांगायचे राहूनच गेले. माझे मन त्या ‘उणिवा’ शब्दावरच अडकले होते. भावाला अजून आठवडाभर पातळच खायचे आहे. आज तो ताटासमोर बसून इतरांच्या प्रत्येक बेराख्याला आमेन म्हणत होता.

आता रक्तदाबाची गोळी घेतली. नुसती गोळी गिळण्यासाठी घेतलेल्या घोटभर पाण्याला बेराखा लागत नाही, तो तहानेसाठी प्यालेल्या पाण्याला लागतो. पेला अर्धा उरला आहे आणि सुरमईत आत्याचे मीठ नेहमीप्रमाणे सढळ पडले होते.