काहीच केलं नव्हतं, तर इतकी वर्षं आत कसे?

मी कैद्यांच्या अपिलांचं काम करते, हे कळलं की लग्नात, एसटीत, कुठंही हा प्रश्न येतोच. "खरंच निर्दोष असता, तर पंधरा-सोळा वर्षं आत राहिला असता का? काहीतरी केलंच असणार." तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ एका कुटुंबाच्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बाईमाणसांवर अत्याचार झाले. पुढे भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना अटक झाली. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीचीच शिक्षा सुनावली. आणि 5 मार्च 2019 ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं गेली होती. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

मध्यंतरी कुणी नवा साक्षीदार उभा राहिला होता का? नाही. दरोड्यातून वाचलेल्या बाईने दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले होते. ते चौघे वेगळेच होते, या सहांतला त्यात एकही नव्हता. त्या चौघांचा तपास झालाच नाही. तीन न्यायालयांतून खटला गेला, तीनदा शिक्षा झाली, तरी ही गोष्ट बाजूला पडून राहिली. तो निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या परिच्छेदाशी मी कितीतरी वेळ थांबले होते.

या सहांना गोवलं गेलं, असं न्यायालयाने म्हटलं आणि प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यायला राज्य सरकारला सांगितलं. तेही न्यायालयाने मनावर घेतलं म्हणून. विनाकारण अटक झालेल्याला कायद्याच्या कलमातून मिळते ती भरपाई आजही जास्तीत जास्त एक हजार रुपये आहे. विधी आयोगाने 2018 मध्ये यासाठी वेगळा कायदा सुचवला होता. तो झालेला नाही.

मग माणूस आत राहतो कसा? सुरुवात अटकेतच होते. इंग्रजांनी 1871 मध्ये काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 ला गेला. पण दरोडा पडला की पोलिसांची गाडी आधी कुणाच्या पालावर येते, हे पालावरच्या कुठल्याही म्हातारीला विचारा. पुढे पंचनाम्यावर सह्या होतात, ओळख परेड होते, आणि फुकट मिळालेला वकील आरोपीला पहिल्यांदा भेटतो तो कोर्टाच्या व्हरांड्यात.

अशीच एक आई गेल्या वर्षी माझ्याकडे आली. मुलाला जन्मठेप लागून नऊ वर्षं झालीत. कापडाच्या पिशवीतून तिने रेशन कार्ड काढलं, त्यात घडी घालून ठेवलेली साखर कारखान्याची वजनपावती. मुलाचं नाव, बैलगाडीचा नंबर, तारीख, पहाटेची वेळ. शाई पिवळट पडलेली, पण वाचता येत होती. गुन्हा त्याच रात्रीचा, आणि गुन्हा घडला ते गाव कारखान्यापासून दोनशे किलोमीटरवर.

"मावशी, खटल्यात ही दाखवली नाही?"

"कुनी मागितलीच नाय, ताई. म्या रोज संगं न्यायची."

इतकी वर्षं ती पावती तिच्याकडे होती. अपिलात जादा पुरावा म्हणून ती दाखल करायचा अर्ज आम्ही केला आहे, तारीख अजून लागलेली नाही. मूळ पावती फाईलला लावण्यासाठी मागितली, तेव्हा तिने आधी दहा झेरॉक्स काढून आणल्या. त्या माझ्या हातात दिल्या, आणि मूळ पावती पुन्हा घडी घालून रेशन कार्डात ठेवली. कोर्ट मागेल त्या दिवशी ती स्वतः घेऊन येणार आहे.