बेंडिगो: सोन्याच्या घळी, मेलबर्नची गाडी आणि शनिवारची फुटी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगोचा नकाशा उघडला की आधी नावांवर नजर अडकते. लाँग गली (इंग्रजी ‘गली’ म्हणजे घळ), कॅलिफोर्निया गली, सेलर्स गली, आयर्नबार्क, व्हाइट हिल्स, गोल्डन स्क्वेअर, कांगारू फ्लॅट, ईगलहॉक. कुणी नगररचनाकारानं टेबलापाशी बसून ठरवलेली ही नावं नव्हेत. 1851 साली इथल्या ओढ्याकाठी सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. ज्या घळीत माती धुतली की सोनं लागायचं, तिथे तंबू पडले. तंबूंच्या मागून दुकान आलं, गुत्ता आला, चर्च आलं आणि पुढे फुटबॉलचा संघ आला. आज ही सगळी एकाच शहराची उपनगरं म्हणवतात, पण मुळात ती वेगवेगळ्या वस्त्या होत्या आणि अजूनही मनातून तशाच आहेत.

वरचं सोनं लवकर संपलं. खरा साठा खाली गारेच्या दगडात होता, एकाखाली एक अशा खोगिराच्या आकाराच्या शिरांमध्ये. त्यांचा पाठलाग करत खाणी हजार मीटरपेक्षाही खोल गेल्या. या पट्ट्यातून आजवर सुमारे 2.2 कोटी औंस, म्हणजे जवळजवळ 680 टन सोनं निघालं असं मानतात. शहरातली सेंट्रल डेबोरा खाण 1954 साली बंद पडली. आता तिथे डोक्यावर दिव्याचं हेल्मेट घालून पर्यटक खाली उतरतात, आम्हीही प्रत्येक पाहुण्याला नेतो. पण खाण बंद झाली म्हणून हिशेब मिटत नाही. पोकळ जमिनीत पाणी साचत जातं, त्यात आर्सेनिक असतं, म्हणून ते उपसून शुद्ध करावं लागतं. जुन्या वस्तीत घर घ्यायचं तर जाणती माणसं हळूच सुचवतात: मागच्या अंगणात मेथी-कोथिंबीर लावण्याआधी माती तपासून घ्या. खाणीची चुरा झालेली वाळू तेव्हा कुठेही पसरली जायची.

आम्ही इथे आलो ते 491 व्हिसावर. हा व्हिसा मोठ्या महानगरांबाहेर राहण्याच्या अटीवर मिळतो आणि तीन वर्षांनंतर कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. त्यामुळे मेलबर्नमध्ये भाऊबंद असलेली कितीतरी मराठी कुटुंबं बेंडिगो, बॅलरॅटसारख्या गावांत संसार मांडून बसली आहेत. सव्वा लाखाच्या आसपास लोकसंख्येच्या या शहराची ओळख करून घ्यायची तर मी तरी दोनच वाटा सांगेन, एक रेल्वेची आणि दुसरी मैदानाची.

मेलबर्नहून रूळ इथे 1862 साली पोचले. सोन्याच्या पैशाची गुर्मी त्या बांधकामात अजून दिसते. सुरुवातीपासून दुहेरी मार्ग, टॅराडेलला दरीवरून जाणारा उंच पूल, माल्म्सबरीचा निळसर दगडाच्या कमानींचा पूल, शहराच्या दाराशी बिग हिलचा बोगदा. दोनच वर्षांत मार्ग पुढे मरे नदीवरच्या एचुकाला गेला, कारण तिथल्या आगबोटींचा माल मेलबर्नकडे ओढायचा होता. मग गंमत बघा. एकविसाव्या शतकात गाड्या ताशी 160 किलोमीटरने पळवायच्या म्हणून मार्ग सुधारायला घेतला आणि काइनटन ते बेंडिगो हा दुहेरी मार्ग चक्क एकेरी करून टाकला. गाडी वेगवान झाली खरी, पण एक उशिरा आली की समोरची खोळंबते. एकोणिसाव्या शतकानं दिलेला रूळ एकविसाव्यानं उपटला, याचा राग इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून अजून ऐकू येतो, आणि मला तो पटतो.

तरी गाडीचा आधार मोठा आहे. मेलबर्न साधारण दोन तासांवर. मार्च 2023 पासून राज्यभरातल्या प्रवासाला मेलबर्न शहराइतकीच दिवसाची कमाल भाडेमर्यादा लागू झाली आणि पूर्वी कित्येक पट महाग पडणारा प्रवास एकदम आवाक्यात आला. आमच्या ओळखीतले बरेच जण आठवड्यातून दोन-तीन दिवस मेलबर्नच्या ऑफिसात जातात आणि उरलेले दिवस घरून काम करतात. साहजिकच गर्दी वाढली. शनिवार-रविवारी रुळांचं काम निघालं की बसमध्ये बसायचं, हेही अंगवळणी पडतं. शहराच्या आत आणि भोवतीही रेल्वे हळूहळू पसरते आहे. एप्समचं स्टेशन 2014 साली झालं, नंतर हंटली, गूर्नाँग, रेवूडला गाडी थांबू लागली. मेलबर्नहून येणारी गाडी कधी ईगलहॉकला संपते, कधी एप्समला.

ईगलहॉकचं स्टेशन वेगळं असण्यात नवल नाही. ते 1994 पर्यंत स्वतंत्र नगर होतं, स्वतःच्या टाउन हॉलसह. राज्य सरकारनं त्या वर्षी नगरपालिका एकत्र केल्या आणि कागदावर ते बेंडिगोत विलीन झालं. फक्त कागदावर. शनिवारी कँटरबरी पार्कच्या मैदानावर जा, तिथे अजून ‘बरो’च्या (म्हणजे त्या जुन्या स्वतंत्र नगराच्या) नावानं आरोळ्या ऐकू येतात.

आता फुटबॉल. आपल्याकडचा नव्हे, ऑस्ट्रेलियन नियमांचा, ज्याला सगळे फुटी म्हणतात. अंडाकार चेंडू, अंडाकार मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. म्हणजे नेम थोडा चुकला तरी पदरात काहीतरी पडतंच. चेंडू फेकायचा नाही, मुठीने ठोसून द्यायचा. लाथेने उडालेला चेंडू हवेत झेलला की थांबून निवांत मारायचा हक्क मिळतो, आणि त्यासाठी खेळाडू दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकून उडी घेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा फाउल कसा नाही तेच कळेना. मैदान क्रिकेटचंच, हिवाळ्यात खेळ बदलतो एवढंच.

बेंडिगोची लीग 1880 पासूनची. गोल्डन स्क्वेअर, ईगलहॉक, कांगारू फ्लॅट, साउथ बेंडिगो, सँडहर्स्ट, स्ट्रॅथफील्डसे आणि रेल्वेमार्गावरची कॅसलमेन, गिझबर्नसारखी गावं. सँडहर्स्ट हे तर शहराचं जुनं अधिकृत नाव. 1891 साली लोकांनी मतदान करून ते टाकलं आणि बेंडिगो हे बोलीतलं नाव परत घेतलं. क्लबनं मात्र ते सोडलं नाही. छोट्या गावांना हसू नका. सतरा वर्षांचा असताना मेलबर्नकडून खेळू लागलेला आणि पुढे दंतकथा झालेला रॉन बरासी 1936 साली कॅसलमेनमध्येच जन्मला. देशाच्या मुख्य लीगमध्ये तीन वेळा अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला डस्टिन मार्टिनही तिथलाच.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे हे सगळं समजायला मला वेळ लागला नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लब समोरासमोर आले की पेठांत जी ईर्षा पेटते, तीच इथे गोल्डन स्क्वेअर आणि ईगलहॉकच्या सामन्याला दिसते. आपल्याकडे तालमीच्या आखाड्यातून संघ उभे राहिले, इथे खाणींच्या वस्त्यांतून. माणूस कुठल्या रस्त्यावर राहतो यापेक्षा कुठल्या क्लबाचा, हे आधी विचारलं जातं. फरक इतकाच की कोल्हापुरात गोल झाल्यावर स्टेडियम घुमतं आणि इथे मैदानाभोवती कडेला लावलेल्या मोटारी हॉर्न वाजवतात. थंडी-पावसात काच वर करून, आत बसून सामना बघणारी आजी-आजोबांची जोडी मला मनापासून आवडते.

शनिवार सकाळपासून चालू असतो. आधी पोरांचे सामने, मग राखीव संघ, दुपारी मुख्य संघ. शेजारच्या कोर्टांवर त्याच क्लबच्या मुली आणि बायका नेटबॉल खेळत असतात, त्यामुळे अख्खं घरदार एका जागी. फाटकावर पैसे घेणारे, कँटीनमध्ये तळणारे, गुणफलक हलवणारे सगळे क्लबचेच स्वयंसेवक. खायला मीट पाय आणि डिम सिम. शाकाहारी असाल तर बटाट्याच्या चिप्स, आणि पुन्हा बटाट्याच्या चिप्स. चारपैकी तिसरा क्वार्टर संपला की प्रेक्षक सरळ मैदानात उतरतात आणि प्रशिक्षक आपल्या पोरांना काय झापतोय ते कडं करून ऐकतात. व्यावसायिक खेळात ही चैन मिळत नाही.

संपूर्ण शहराचा एक मोठा संघ राज्यस्तरावर उतरवून झाला. शेवटी त्याचं नाव ‘बेंडिगो गोल्ड’ होतं, आणि 2014 नंतर तो बंद झाला. पैशाची अडचण होतीच, पण माझं मत विचाराल तर ज्या गावात प्रत्येक घळीला स्वतःचा रंग आहे, तिथे सगळ्यांचा एक रंग चालणं कठीणच.

आपली बरीच कुटुंबं हल्ली स्ट्रॅथफील्डसे, हंटली, मेडन गलीकडच्या नव्या वसाहतींत घरं बांधताहेत. आमच्या जवळच्या एका सांगलीकर मित्राचंही घर स्ट्रॅथफील्डसेला झालं, आणि त्याच्या मुलानं लगेच तिथल्या ‘स्टॉर्म’ची जर्सी चढवली. आम्ही गोल्डन स्क्वेअरचे, लेक ‘बुलडॉग्ज’ची. पुढच्या हंगामात हे दोन संघ भिडतील तेव्हा दोन्ही घरांनी एकाच गाडीतून जायचं की दोन, यावर पोरांची बोलणी चालू आहेत.