आज्जाच्या दुकानातली एकोणीस बिलं

आज्जा गेला तो मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ऐन लग्नसराई, आणि शाळा उघडायला जेमतेम तीन आठवडे. शिंप्याच्या दुकानात कापडाचा ढीग असतो तो याच दिवसांत. राख सावडून घरी आलो, हातपाय धुतले आणि बाबा म्हणाले, "दुकानात लोकांची कापडं पडून हाईत. कोण बघणार गं?" मी म्हटलं, मी बघते.

बेळगावच्या शहापुरातलं ते दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. १९६८ पासून आज्जा तिथेच बसायचा. पायमशीन, कटिंगचं टेबल, भिंतीवर विठोबा आणि खिळ्याला अडकवलेलं बिलबुक. त्याची पद्धत पक्की होती. बिलाचा अर्धा भाग गिऱ्हाइकाला, अर्धा बुकात आणि बुकातल्या भागाला त्याच कापडाचा बोटभर तुकडा टाचणीने लावलेला. मापं वेगळ्या वहीत. त्यामुळे कुठलं कापड कुणाचं, हे मला एका संध्याकाळी कळलं. एकोणीस बिलं बाकी होती. सात शर्टांचं काज-बटण तेवढं राहिलेलं, पाच कापडं कापून ठेवलेली आणि सात जशीच्या तशी.

न कापलेली परत देता येतात. कापलेल्यांचं काय करायचं? दुसऱ्याचं कटिंग शिवायला शिंपी सहसा तयार होत नाहीत, कारण कपडा बिघडला तर नाव त्यांचं जातं. आमच्या मागच्या गल्लीत एक मामा शिवतात. त्यांच्याकडे पाचही गठ्ठे घेऊन गेले. त्यांनी एक पाठ आणि दोन बाह्या टेबलावर पसरल्या, खडूच्या खुणांवरून बोट फिरवलं आणि कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "वही ठेवून जा. शनिवारी ये."

ती मापवही मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचली. उंची, छाती, शोल्डर, बाही, कॉलर, सगळं इंचात. पण आकड्यांशेजारी बारीक अक्षरात टिपणं होती. "डावा खांदा अर्धा इंच उतरता." "खिसा आतून, पैसे ठेवतो." एका पानावर लिहिलं होतं, "उजवा पाय पाऊण इंच आखूड. ट्रायलला बोलवू नये." त्या माणसाला मी लहानपणापासून ओळखते. त्याच्या पँटच्या दोन्ही बाजू बुटावर सारख्याच पडतात. चारचौघांत त्याला आरशासमोर उभं राहायला लागू नये म्हणून आज्जाने इतकी वर्षं हे हिशोब केले आणि घरीसुद्धा कधी बोलला नाही.

माझंही पान होतं. शाळेचा पिनाफोर शिवताना तो खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचा. दर जूनला शाळेच्या आदल्या रात्री मला स्टुलावर उभं करायचा, उसवायचा आणि एक बोट खाली सोडायचा. जुन्या दुमडीची रेघ धुऊनही जात नसे. माझ्या निळ्या पिनाफोरवर अशा तीन रेघा होत्या. वर्गात मुली मोजायच्या. तेव्हा मला लाज वाटायची, हे लिहिताना आता गळा दाटून येतो.

कागदपत्रांचं काम बाबांनी आणि मी वाटून घेतलं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते हे बहुतेकांना माहीत असतं. पण नोंदीच्या अर्जावर नाव आधार कार्डाप्रमाणे अक्षर न् अक्षर तपासून मगच द्या. आमचं तिथंच अडलं. आज्जाच्या शाळेच्या दाखल्यावर मुंबई राज्य छापलेलं, १९५५ चा तो, पूर्ण मराठीत. पुढची कागदं म्हैसूर राज्याची, १९७३ नंतरची कर्नाटकाची, कन्नडमध्ये. आज्जा शहापूर सोडून कुठं राहायला गेला नाही, पण प्रत्येक वेळी कुणीतरी त्याचं नाव नव्याने ऐकून आपल्या लिपीत लिहिलं. आडनावातला 'व' इंग्रजीत एकीकडे 'व्ही', दुसरीकडे 'डब्ल्यू'. वडिलांचं नाव एका ठिकाणी मधे, एका ठिकाणी नुसतं आद्याक्षर.

खातं होतं त्या बँकेने आम्हाला चार वेळा परत पाठवलं. शेवटी ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर केलं, नोटरी केलं. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, वंशवृक्ष काढला, घरातल्या वारसांची नावं असलेला दाखला. तो कन्नडमध्ये मिळतो, म्हणून वाचणारं कुणीतरी सोबत न्या आणि सही करण्याआधी प्रत्येक नाव मोठ्याने वाचून घ्या. खात्याला नॉमिनी म्हणून आज्जीचं नाव लावलेलं असतं, तर निम्मी धावपळ वाचली असती. आज घरी जाऊन तुमच्या म्हाताऱ्यांची पासबुकं तेवढी बघा.

शनिवारी मामांनी पाचही कपडे इस्त्री करून ठेवले होते. शिलाई घेईनात. "त्यानं मला कॉलर बसवायला शिकवली," एवढंच म्हणाले.

मग वाटप. युनिफॉर्म आधी दिले. काही जण बिल घेऊन आले आणि बंद शटर बघून तिथंच थांबले. एक बाई पायरीवर बसून रडल्या. दोघांनी शिलाईपेक्षा जास्त पैसे आज्जीच्या हातात ठेवले, तिने जास्तीचे मोजून परत केले. एक नवरदेव शिनोळीचा होता. लग्न चार दिवसांवर आलेलं. मी चंदगडची लाल एसटी धरली. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची आणि पुढं महाराष्ट्र. आज्जा याच रस्त्याने सायकलवर कपडे पोचवायचा, तरुण असताना. नवरदेवाच्या आईने शर्ट उलगडून काज बघितली, शिवण बघितली. "हे त्यांच्याच हातचं न्हवं काय?" तिने विचारलं. कापलेलं त्यांनी, शिवलेलं दुसऱ्यांनी, मी खरं ते सांगितलं. तिने शर्ट देवाजवळ नेऊन ठेवला.

जुलैअखेर दुकान मालकाला रिकामं करून दिलं, डिपॉझिट घेतलं. मशीन घरी आणलं. ते विकायचं नाही, आज्जीने आधीच सांगून टाकलं होतं. खंडेनवमीला त्याची पूजा झाली.

एक बिल अजून बाकी आहे. नंबर २३८, एप्रिलमधलं. राखाडी सुटिंग, एका पँटचं, आगाऊ दीडशे रुपये दिलेले. नावाच्या जागी नुसतं "पाव्हणे" लिहिलंय, कंबर ३४, उंची ४०. कापड आज्जीच्या कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलंय. ज्यांचं असेल त्यांनी बिल हरवलं असलं तरी यावं, गल्लीत कुणालाही शिंप्याचं घर विचारावं. शिवूनच पाहिजे असेल तर मामा शिवून देतो म्हणालेत.