पैसे लावत नाही, मग डर्बीला कशाला जाता?

दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघे-चौघे मित्र सकाळीच पुण्याहून गाडी काढतो आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बी पाहून रात्री घरी येतो. हे कळले की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो: पैसे लावत नाही, तर जेमतेम अडीच मिनिटांच्या शर्यतीसाठी जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर कशाला? तुम्हीही विचारलेत म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

रेसचा नाद म्हटला की मराठी घरांत कपाळाला आठ्या पडतात आणि त्या उगाच पडत नाहीत. टोटच्या, म्हणजे पैज लावायच्या, खिडकीपाशी महिन्याचा पगार संपवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्या बाजूची वकिली मला करायची नाही.

माझे उत्तर पुण्यातच सुरू होते. डर्बी भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, पुण्याच्या रेसकोर्सवर होतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास हा सगळा संसार घाट उतरून मुंबईला जातो. डर्बी असते ती भारतात जन्मलेल्या, चार वर्षांच्या घोड्यांचीच. आणि घोडा कोणत्याही महिन्यात जन्मलेला असो, शर्यतीच्या हिशेबात त्याचे वय १ जानेवारीलाच वाढते. म्हणजे फेब्रुवारीत महालक्ष्मीला उतरणाऱ्या घोड्यांपैकी काही मी आदल्या पावसाळ्यात, ते तीन वर्षांचे असताना, चिखल उडवत धावताना पाहिलेले असतात. कोणाला ओली धावपट्टी मानवत नाही, कोण शर्यत सुटते त्या गेटमध्ये शिरायला कुरकुर करतो, हे ठाऊक झालेले असते. पुढच्या फेब्रुवारीत हेच घोडे पाच वर्षांचे होऊन या शर्यतीतून बाद झालेले असतात, त्यामुळे 'यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू' असे म्हणायची सोयच नाही.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. द्रुतगती मार्ग, घाट, वाटेत एक वडापाव, आणि २०२४ पासून अटल सेतू, ज्याने शहरातला कंटाळवाणा तास बराच वाचवला. रविवारी संध्याकाळी मुंबईकर लोणावळ्याहून परतत असतात आणि आम्ही उलट दिशेने येत असतो, हे पुणेकराच्या वाट्याला आलेले दुर्मीळ सुख होय.

वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी टोप्या आणि पेहराव यांचेच फोटो छापून येतात. मी मात्र शर्यतीपूर्वीचा सगळा वेळ पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवाराच्या, कठड्याला टेकून काढतो, आणि खरे सांगायचे तर मुख्यतः तेवढ्यासाठीच जातो. घोडे सांभाळणारे सईस त्यांना गोल गोल फिरवत असतात. एखादा घोडा मान खाली घालून, लगाम सैल ठेवून, बाजारात निघाल्यासारखा चालतो; त्याच्या मागून येणारा दुसरा घोडा कान पाडून तिरका तिरका सरकतो आणि त्याच्या मानेवर लगामाच्या पट्ट्याखाली पांढरा फेस साचू लागतो. असा घोडा आपली शर्यत पॅडॉकमध्येच धावून टाकतो आहे असे मी समजतो. बुकींच्या फळ्यावर त्याचा भाव काहीही असो, माझा कल पहिल्याकडे. मग जॉकी येतात, ट्रेनरशी दोन शब्द बोलतात, गुडघ्यातून पाय दुमडतात, आणि खालून आधार मिळताच खोगिरावर बसलेले दिसतात.

डर्बीचे २४०० मीटरचे अंतर फार अवघड असते, कारण यातल्या बहुतेक घोड्यांनी डिसेंबरातली गिनीज नावाची शर्यत १६०० मीटरची धावलेली असते आणि उरलेल्या आठशे मीटरना दम पुरेल की नाही, हे त्यांच्या ट्रेनरलाही खात्रीने सांगता येत नाही. सुरुवातीला पुढे काढलेला घोडा अखेरच्या सरळ पट्ट्यात थकतो आणि तोवर मागे दबून बसलेला जॉकी बाहेरून येतो. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आणि पुढे ट्रेनर म्हणूनही ही शर्यत अनेकदा जिंकली, ती हा हिशेब पक्का असल्यामुळे, असे माझे मत आहे. घोड्या नरांच्या बरोबरीनेच धावतात, त्यांना वजनात थोडी सूट असते. १९४३ साली झालेली पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनेच जिंकली होती आणि २०१० साली जॅकलिननेही नरांना मागे टाकले. घोडी मैदानात असली की माझा निःपक्षपातीपणा संपतो, हे मित्रांना माहीत आहे.

शर्यतीनंतर जॉकी घोड्यावरचे खोगीर उतरवून, ते घेऊनच पुन्हा वजनकाट्यावर उभे राहतात आणि वजन जुळल्यावरच निकाल पक्का होतो. गर्दी तोवर टोटकडे वळलेली असते. आम्ही वजन होईपर्यंत थांबतो. परतताना गाडीत वाद एकच असतो, की हरलेल्या फेव्हरिटच्या, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती त्या घोड्याच्या, जॉकीने घोडा सोडायला उशीर केला, की घोड्यातच दम नव्हता. तो बहुधा तळेगावच्या टोलनाक्यापर्यंत पुरतो.