जागलीचा गेम आणि पायथनचे क्लास

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतले क्लास (वस्तूचा साचा), ऑब्जेक्ट (साच्यातून काढलेली वस्तू), इनहेरिटन्स (एका साच्याचे गुण दुसऱ्याला मिळणं) मला परीक्षेपुरते तोंडपाठ होते. बी.सी.ए.च्या मिनी प्रोजेक्टला टेक्स्टवर चालणारा लढाईचा गेम करायचा ठरला, तेव्हा ते पाठांतर काही कामाचं निघालं नाही. राक्षस, तलवारी नको होत्या. आमच्या दारव्ह्याकडे हरभरा भरात आला की रात्री वावरात जागल असते, समोर रानडुकरं आणि रोही (नीलगाय). लढाई तीच घेतली.

आधी साधे व्हेरिएबल आणि इफ-एल्स, म्हणजे 'असं असेल तर हे, नाहीतर ते'. जागल्या विरुद्ध डुक्कर, एवढं झकास चाललं. रोही आणला आणि प्रत्येक इफला नवी फांदी फुटायला लागली. तिथून क्लासकडे वळलो.

मूळ क्लास 'लढवय्या'. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, म्हणून 'नाव', 'जीव', 'जोर' असंच लिहिलं. कीवर्ड, म्हणजे भाषेचे स्वतःचे ठरलेले शब्द, तेवढे इंग्रजी. लाईट गेली की लॅपटॉप बंद, मग फोनवर पायड्रॉइड या पायथनच्या ॲपमध्ये काम. त्याला इंटरनेट लागत नाही.

सगळ्यात जास्त डोकं एकाच प्रश्नानं खाल्लं: हल्ला झाल्यावर जीव कमी कोणी करायचा, मारणाऱ्यानं की मार खाणाऱ्यानं? मी मार खाणाऱ्यावर सोपवलं. 'हल्ला' फक्त रँडिंटनं दोन आकड्यांमधला कुठलाही एक आकडा काढतो (त्यात दोन्ही टोकं धरली जातात) आणि समोरच्याचं 'मार_खा' बोलावतो. पुढचा हिशोब ज्याचा त्यानं करायचा, शून्याखाली न जाण्याचाही.

मग पोटक्लास, म्हणजे 'लढवय्या'वरून काढलेले क्लास, सोपे गेले. जखमी डुक्कर जास्तच अंगावर येतं, म्हणून त्यानं 'हल्ला' बदलला: जीव तिसऱ्या हिश्श्याखाली गेला की जोर दुप्पट, बाकीचं काम सुपरकडे, म्हणजे मूळ क्लासकडे. रोह्यानं 'मार_खा' बदललं, अर्ध्यावर आला की धूम. पाळीपाळीनं हल्ले करवणाऱ्या मुख्य लूपला समोर कोण आहे हे माहीतच नसतं.

क्लासची कल्पना मुळात खऱ्या गोष्टींच्या अशाच नकलांसाठी, म्हणजे सिम्युलेशनसाठी आली. १९६० च्या दशकात नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांनी सिम्युलेशन करायला सिम्युला भाषा बनवली. हे आम्हाला पहिल्याच तासाला सांगायला हवं होतं.

बाबांनी फोनवर खेळून पाहिलं. "डुकराले मारून काहून राहिला बे? आपण त्याले हाकलतो." खरंच होतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवानगीशिवाय अशी शिकार बसतही नाही. 'जीव'चा 'धीर' केला, 'मेला'चा 'पळाला'. पोटक्लास तो आकडा थेट वाचत नव्हते, 'उरलेला_हिस्सा' विचारत होते. त्यामुळे बदल 'लढवय्या'पुरताच राहिला. पायथन आतले आकडे काही लपवून ठेवत नाही, ते थेट न वाचायची शिस्त आपणच पाळायची.

धाकटा म्हणाला, "दादा, वानरं टाक नं." वानर एकटं कुठं येतं? 'टोळी' हा आणखी एक लढवय्या केला, पोटात वानरांची लिस्ट. हल्ल्याच्या वेळी सगळी एकेक करून तुटून पडतात, मार मात्र एकाच वेळी एकालाच बसतो. लूपला हात लावला नाही, पण जागल्या दर वेळी हरायला लागला. म्हणून फटाका आला. तो लढवय्याचा पोटक्लास नाही. जागल्याच्या खिशातली वस्तू आहे, तिचा क्लास वेगळा. एका फटाक्यानं अख्ख्या टोळीचा धीर सुटतो. एका रात्रीला पाचच दिलेत, धाकट्याला दहा पाहिजेत.