एवढं झाल्यावर वर्गात जायची भीती नाही वाटत?

लग्नात, बँकेच्या रांगेत, बर्डीवर भाजी घेताना, कुठेही ओळखीचं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

वाटते. अजून वाटते.

झालं ते असं. पूर्व नागपुरातली शाळा, आठवीची तुकडी, ५८ मुलं, मधल्या सुट्टीनंतरचा गणिताचा तास. मागच्या बाकावर दोन पोरं भिडली, मी सोडवायला मध्ये पडले. एकाच्या मुठीत कर्कटक होतं. ते माझ्या डाव्या हातावर कोपराखालून ओढलं गेलं. कर्कटक फरशीवर पडलं त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, कारण दुसरा कुठलाच आवाज नव्हता. पहिल्या बाकावरच्या मुलीने रुमाल पुढे केला. "बाई, लागलं का जी?" तिचाच हात थरथरत होता.

तीन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. संध्याकाळी मला समजावण्यात आलं की पोलिसात नको, शाळेचं नाव जातं. 'किरकोळ दुखापत' अशी नोंद झाली आणि तिच्याखाली मी सही केली. ती करायला नको होती.

हाताची जखम पंधरा दिवसांत भरली. वर्गाचं तसं झालं नाही. मी फळ्यावर तिरकी उभी राहून लिहू लागले, एक डोळा पोरांवर. अक्षर वाकडं, ओळी खाली उतरलेल्या. बाकांमधून फिरणं सुटलं, मागच्यांच्या वह्या टेबलाशी मागवू लागले. उत्तर चुकलं तरी "बस" म्हणून पुढे जायचे, कारण टोकलं तर कोण कसा उसळेल याचा नेम वाटेना. शाळेने कंपासपेट्या आणायलाच बंदी केली. त्या वर्षी वर्तुळाच्या रचना मुलांनी नुसत्या फळ्यावर पाहिल्या. ५८ पैकी एकाच्याही हातात कंपास नाही! रुमाल देणारी मुलगी आधी हात वर करायची, शंका विचारायची. तिने ते सोडलं. भांडण दोघांचं होतं, आणि गणित बुडालं सगळ्यांचं.

आता पुढचा प्रश्न, तोही दरवेळी येतो: छडी बंद केली म्हणूनच हे होतं ना? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला बंदी केली, कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याआधी मीही छडी वापरली आहे, म्हणून ठामपणे सांगते, छडी परत नको. ज्याच्या मुठीत कर्कटक होतं, त्या पोराच्या पाठीवर पट्ट्याचे वळ पाहिलेत मी. वडिलांना शाळेत बोलावलं तर सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, हाणा त्याले, माझी काही तक्रार नाही." घरी रोज पट्टा खाणाऱ्याला माझ्या छडीने काय कळणार होतं?

हवंय ते दुसरंच. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, हे त्याच कायद्यात लिहिलंय. माझ्यासमोर ५८ होती. मागच्या बाकावरची धुसफूस आठवडाभर चालली होती म्हणे, मला दिसली नाही. शंभरावर पटसंख्या असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अर्धवेळ शिक्षक द्या, असंही त्यात आहे. समुपदेशक मात्र त्या यादीत नाही. मग असलं पोर न्यायचं कुणाकडे?

आमच्याकडे त्याला घरी पाठवलं. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, तेही कायद्यातच आहे. म्हणून वडिलांकडूनच अर्ज लिहून घेतला आणि आठ दिवसांत दाखला हातात दिला. पोलिसात गेलो असतो तर ते प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं असतं. मंडळाला मुलाचं आणि पालकांचं समुपदेशन करायला सांगता येतं. कुणीतरी त्या बापाला समोर बसवून बोललं असतं. 'शाळेचं नाव' वाचवताना तेवढंही त्या पोराच्या वाट्याला आलं नाही, आणि त्यात माझी सही आहे.

यंदा मी मुख्याध्यापकांच्या मागे लागून कंपासपेट्या परत सुरू केल्या. पहिल्या दिवशी हाताला घाम फुटला होता. तरी शेवटच्या बाकापर्यंत गेले, एकेकाचं कर्कटक धरणं पाहिलं, परत फळ्याशी आले आणि वर्गाकडे पाठ करून वर्तुळ काढलं. पूर्ण काढलं.